प्रतिसाद: सातवी-आठवीची मुलं आणि समाजकार्य

वर कोणीतरी लिहिलंय की शाळेतली समाजसेवा म्हणजे झाडू हातात धरून फोटो काढायचा आणि मार्क घ्यायचे. असं होतं खरं, पण दोष कामाच्या निवडीचा आहे हो, मुलांचा नाही. त्यांना गावाला खरंच लागणारं काम द्या की. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, किती पाऊस पडला, किती पाणी आहे आणि त्यावर कुठली पिकं घ्यायची ते ठरतं. असा हिशोब सातवीची पोरं आरामात करू शकतात. एक चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर, म्हणजे हेक्टरला 10 हजार लिटर! विहिरीत पाणी किती ते बघायला दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडायचा, वर काढून दोरीचा ओला भाग टेपने मोजायचा, दर महिन्याला वहीत नोंद, सोबत मोठं माणूस हवंच. क्षेत्रफळ, घनफळ, आलेख सगळं त्यातच येतं, आणि मग तीच आकडेवारी सरपंचांसमोर उभं राहून सांगायची, तिथे शेतकरी आजोबा उलटे प्रश्न विचारतात तेव्हा पाठांतर कामाला येत नाही. गांधीजींनी 1937 ला वर्ध्यात कामातून शिक्षण हेच तर मांडलं होतं. फक्त मार्कांसाठी नका करू प्लीज, आणि सुरुवात परीक्षा संपल्यावर तर अजिबात नको, कारण विहिरी तेव्हाच तळाला जातात, नोंदी त्या आधीपासून हव्यात.