पोषणविषयक धोरणांची अंमलबजावणी नेमकी कुठे अडते?

जिज्ञासू: जागतिक आरोग्य सभेने (जागतिक आरोग्य संघटनेची निर्णय घेणारी सभा) २०१२ साली सहा पोषण-उद्दिष्टे ठरवली आणि ती २०२५पर्यंत गाठायची होती. बालकांची खुंटलेली वाढ, स्त्रियांमधील रक्तक्षय, जन्मतः कमी वजन हे सारे त्यांत आहे. मुदत मात्र पुढे २०३०पर्यंत वाढवावी लागली. उपाय बऱ्याच अंशी ठाऊक असताना घोडे कुठे अडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

क्षेत्रसेविका: माझ्या मते, बालकाचे माप घेतले जाते तिथेच. दोन वर्षांखालील मुलाची लांबी त्याला आडवे निजवून मोजायची असते आणि त्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने डोके फळीला टेकवून धरायचे, दुसऱ्याने गुडघे सरळ करून सरकती फळी तळव्यांना लावायची. सेविका एकटी असली, मूल रडत असले आणि बाहेर रांग लागलेली असली, की मूल उभे करूनच माप उरकले जाते. उभ्याने माप सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते, त्यामुळे मूल आहे त्याहून खुजे ठरते. शिवाय उंचीच्या मानाने वजन बरे दिसल्यामुळे खरोखर रोडावलेले मूल उपचारांच्या यादीतून निसटू शकते. प्रत्येक योजनेबरोबर नवी नोंदवही येते, मदतीला दुसरे माणूस मात्र येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

धोरण-अभ्यासक: आपले म्हणणे पूर्णपणे पटते. म्हणूनच जिथे शक्य असेल तिथे भार सेविकेवर किंवा ग्राहकावर न टाकता उत्पादकावर टाकावा. डेन्मार्कने २००३ साली कारखान्यात तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना बनणारी, हृदयाला घातक चरबी) दर १०० ग्रॅम स्निग्धांशामागे २ ग्रॅमची मर्यादा घातली आणि उत्पादकांना आपल्या पदार्थांच्या पाककृती बदलाव्या लागल्या. त्याच देशाने २०११मध्ये संपृक्त स्निग्धांशावर (लोणी, मांस अशा पदार्थांतील चरबी) लावलेला कर मात्र सव्वा वर्षात मागे घ्यावा लागला, कारण लोक सीमेपलीकडे खरेदीला जात असल्याची आणि हिशेबाचा बोजा वाढल्याची ओरड झाली.

प्रयोगशाळा-तंत्रज्ञ: एक पुरवणी जोडतो. भार उत्पादकावर टाकला तरी तपासणी लागतेच. उदाहरणार्थ, कारखान्यात मिठात आयोडीन घातले, की काम संपले असे नव्हे. दमट हवेत, उघड्यावर साठवलेल्या मिठातील आयोडीन घटत जाते. त्यामुळे दुकानातील आणि घरातील मिठाचे नमुने तपासण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरायला हवा.