मदत हवी आहे : वृद्धाश्रमात कामाला असणाऱ्या मावशी-मामांसाठी ताणमुक्ती शिबिर घेणारं बेळगावात कोण आहे?

जांबोटी_रोड | पहाटे २:५२
चांगला काउन्सेलर माहीत असेल तर लवकर कळवा. मराठी आणि कन्नड दोन्ही यायला पाहिजे. दोन तासांचं शिबिर, शनिवार किंवा रविवार. दोन महिन्यांत तीन मावश्या सोडून गेल्या, चौथी म्हणालेय गणपतीनंतर येत नाही. उरलेले एकमेकांवर खेकसतात. ट्रस्टी म्हणतात योगा ठेवा, काहीतरी करा. पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे, त्याआधी ठरलं पाहिजे. बजेट फार नाही. गूगल करून झालंय, ते सांगू नका.

कडोलीकर | सकाळी ७:१०
आधी हे सांगा. आजी-आजोबा किती, त्यात अंथरुणाला खिळलेले किती? मावशी-मामा किती? ड्युटी आठ तासांची की बारा? रात्री किती जण? आठवड्याची सुट्टी खरंच मिळते की नुसती रजिस्टरात? आणि तुम्ही कोण, ट्रस्टी की मॅनेजर की सिस्टर? यातलं काहीच माहीत नसताना काउन्सेलरचा नंबर देणं म्हणजे ताप न मोजता गोळी देणं.

प्राणवायू | सकाळी ७:४५
शिबिर एका दिवसाचं, त्याने काय होणार? रोज ड्युटीच्या आधी १० मिनिटं अनुलोम-विलोम आणि भ्रामरी घ्या. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. खर्च शून्य.

कडोलीकर | सकाळी ७:५८
ड्युटीच्या आधी म्हणजे बिनपगारी की ओ! घ्यायचंच असेल तर ड्युटीच्या वेळेत घ्या आणि तेवढा वेळ वॉर्ड कोण बघणार ते आधी लिहून ठेवा.

जांबोटी_रोड | दुपारी १:३४
३४ जण आहेत, ११ पडून. बाकीचे फिरते, त्यात पाच-सहा जणांना स्मृतिभ्रंश. मावशी-मामा सध्या ११, आधी १४ होते. ८ ते ८ आणि ८ ते ८, सगळीकडे असतं तसंच. दिवसा ६, रात्री ३. सुट्टी आहे, पण कोणी आलं नाही की बोलवावं लागतं. मी मॅनेजर. हे सगळं कशाला पाहिजे? मी काउन्सेलर विचारलाय.

कडोलीकर | दुपारी २:२०
यासाठी पाहिजे. दिवसा ६ आणि रात्री ३ म्हणजे रोज ९ पाळ्या, आठवड्याला ६३. प्रत्येक पाळी १२ तासांची, म्हणजे ७५६ तास. ते ११ जणांत वाटले की प्रत्येकाला आठवड्याला जवळजवळ ६९ तास. ४८ तासांचा हिशोब धरला तर याच कामाला १६ माणसं लागतात, तीही कोणी रजा न घेता. रजा, आजारपण, गावची जत्रा धरून १५ टक्के वाढवा, मग १८. तुमच्याकडे ११. १४ होते तेव्हाही ५४ तास पडत होतेच. बारा तास उभं राहून कोण हसत बोलणार? शिबिर झालं तरी दुसऱ्या दिवशी ८ ते ८ आहेच.

जांबोटी_रोड | दुपारी २:४१
१८ माणसं ट्रस्टी देणार नाहीत. तीन पाळ्या केल्या तर आणखीच लागतात, हे आधीच बोलून झालंय.

कडोलीकर | दुपारी ३:१५
लागत नाहीत. गफलत कुठे होते बघा. बारा तासांच्या पाळीत दुपारी २ नंतरही ६ जण अडकून असतात. खरं काम सकाळी ७ ते ११ मध्ये : अंघोळ, डायपर, चादरी, भरवणं. तेव्हा ५ आणि सोबत एक सिस्टर. दुपारनंतर ४ पुरतात.
सकाळ ७ ते २, ५ जण : ३५ तास.
दुपार २ ते ८, ४ जण : २४ तास.
रात्र ८ ते ७, ३ जण : ३३ तास.
हँडओव्हरसाठी प्रत्येकाला १५ मिनिटं जादा, ती ३ तास. रोजचे ९५, आठवड्याचे ६६५. भागिले ४८ म्हणजे १४ माणसं, रजा धरून १६. आत्ताच्या पद्धतीला १८ लागतात. ट्रस्टींना हीच दोन आकड्यांची तुलना दाखवा, 'ताण' हा शब्द काढूच नका.

चिकोडी_नाईट | सायंकाळी ५:०२
गणित बरोबर, पण ११ तासांची रात्र लांब आहे. चुका पहाटे ३ ते ५ मध्येच होतात, औषधाच्या आणि पडण्याच्याही. रात्र ११ तासांची ठेवायची तर तीन अटी. एक, सलग तीनपेक्षा जास्त रात्री नाहीत. दोन, तिघांनी आळीपाळीने २०-२५ मिनिटं झोप घ्यायची, वेळ लिहून, लपूनछपून नाही. तासभर झोपलं तर उठल्यावर डोकं जड राहतं. तीन, शेवटच्या रात्रीनंतर दोन दिवस पूर्ण सुट्टी. रात्र संपवून आलेल्याला त्याच दिवशी दुपारी बोलावलं तर ती सुट्टी नव्हेच. पाळी बदलायची तर सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने. उलटी फिरवली की झोप बसत नाही. आणि चहा पहाटे ३ नंतर नको, घरी जाऊन झोप लागत नाही.

वडगावची_ताई | सायंकाळी ५:३०
२ ची पाळी ठीक आहे, पण ८ ला सुटून खेड्यात जायला बस कुठे? म्हणून तर बायका १२ तास मान्य करतात. फुकट बस आहे, पण कर्नाटकचा पत्ता असलेल्यांनाच. चंदगडकडून येणाऱ्या बाईला तिकीट पडतंच.

पाटणे_फाटा | सायंकाळी ५:४८
शक्ती योजना ११ जून २०२३ पासून. आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असेल तर कंडक्टर तिकीट फाडतोच. आमच्याकडच्या बाईला तिकडे अर्धं तिकीट, इकडे पूर्ण. सीमेवर असलं की असंच, ८६५ गावांचं काय झालं तेही कोण विचारत नाही आता.

हलगा_बायपास | सायंकाळी ५:५५
आणि पाटी कन्नडमध्ये ६० टक्के पाहिजे, ते वेगळंच. वृद्धाश्रमाच्या पाटीवर तरी...

चावडी_नियंत्रक | सायंकाळी ६:१०
पाटी आणि सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे. इथे मदतीचं बोला.

कडोलीकर | सायंकाळी ६:३२
बसचा मुद्दा खरा आहे. लांबच्यांना सकाळची पाळी, ८ ला सुटणारी पाळी चालत घरी जाणाऱ्यांना. नाहीतर रिक्षा ठरवा, चौघांत एक. नवीन माणूस शोधून, शिकवून, तो टिकेपर्यंत जो खर्च जातो त्यापेक्षा रिक्षा स्वस्त.

फिजिओ_टिळकवाडी | रात्री ८:१५
तासांचं सगळे बोलताय, कमरेचं कोणी विचारलंच नाही. पडून असलेले ११ जण, दर दोन तासांनी कूस. रात्रीच्या ११ तासांत ५ फेऱ्या, ५५ वेळा. डायपरसकट एकाला ५ मिनिटं धरली तर दोघांचे साडेचार तास फक्त यात जातात. खाकेत हात घालून ओढत असतील, कारण तसंच बघून शिकलेत. त्याने आजोबांचा खांदा आणि मावशीची कंबर दोन्ही जातं.
हे करा. जुनी सुती चादर दुमडून दुहेरी करा, खांद्यापासून अर्ध्या मांडीपर्यंत पेशंटच्या खाली कायम ठेवा. दोघे दोन बाजूंना, कडा अंगाजवळ गुंडाळून तळहात वर करून धरायच्या, 'एक-दोन-तीन'ला सरकवायचं, उचलायचं नाही. वर सरकवायला नायलॉनचं निसरडं कापड : साधारण दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब, दोन कडा शिवून नळीसारखं. काम झालं की काढून घ्यायचं. विसरलात तर पेशंट त्याच्यावरूनच घसरून खाली येतो.
दुसरं, खाटेची उंची. गादीचा वरचा भाग दोघांतल्या बुटक्या बाईच्या कंबरेइतका हवा. साध्या लोखंडी खाटांना पायाखाली खाच पाडलेले लाकडी ठोकळे चालतात. विटा ठेवू नका, सरकतात. उठून चालणाऱ्या आजोबांच्या खाटेला मात्र ठोकळे अजिबात नकोत, पडतील.

मेडिकल_शहापूर | रात्री ८:४०
कमरेचे पट्टे द्या सगळ्यांना. घाऊक भावात मिळतात.

फिजिओ_टिळकवाडी | रात्री ८:५२
पट्ट्याने दुखापत टळत नाही. उलट 'पट्टा आहे' म्हणून एकटीच उचलायला जाते. आधीच दुखणं असलेलीला डॉक्टरने सांगितला तर वेगळी गोष्ट. तेच पैसे कापडात घाला.

मेडिकल_शहापूर | रात्री ८:५५
पट्टा वापरून लोक पोती उचलतात हो.

फिजिओ_टिळकवाडी | रात्री ८:५८
पोतं मध्येच हात सोडून आपल्याला धरत नाही.

वडगावची_ताई | रात्री ९:१५
एअर मॅट्रेस घेतली की कूस बदलायला लागत नाही ना?

फिजिओ_टिळकवाडी | रात्री ९:२२
लागते. टाचा, माकडहाड, खुबा रोज बघून, कुठे लाली नसेल तर काहींचं अंतर तीन-चार तासांवर नेता येतं. ते सिस्टरने प्रत्येकाचं वेगळं ठरवायचं. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी लावून ३० अंश तिरकं.

पीएफ_निपाणी | रात्री ९:५०
ईएसआयला (कामगार विमा) नोंद आहे का? पगार २१,००० पर्यंत असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के, संस्थेचे ३.२५ टक्के. १२,००० पगारावर मावशीचे ९० आणि तुमचे ३९० रुपये. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार, पण सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवस भरलेले पाहिजेत. नंबर केंद्राचा असल्यामुळे गडहिंग्लजला नोकरी बदलली तरी तोच राहतो. ताप अंगावर काढत ड्युटीला येणारी माणसं इथेच कमी होतात.

जांबोटी_रोड | रात्री १०:०५
हे मी विचारलंच नव्हतं, पण बघते.

त्वचा_सल्ला | रात्री १०:३०
विचारलं नाहीत तरी सांगतो. दोन महिन्यांत तीन जणी एकदम गेल्या म्हणजे आश्रमात खरूज आहे का बघा. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कंबरेला, रात्री वाढणारी खाज.

जांबोटी_रोड | रात्री १०:४८
दोघींना आहे. एकीच्या घरी पोरांनाही. तिने सिस्टरला सांगितलं, मला नाही.

त्वचा_सल्ला | रात्री ११:०४
मग हे आधी. घरी खाज नेली म्हणून सासू बोलते, इथे सांगितलं तर 'अस्वच्छ' म्हणतील, मग काम सोडणं सोपं वाटतं. डॉक्टरला बोलावून आजी-आजोबा, सगळा स्टाफ आणि त्यांच्या घरचे, सगळ्यांना एकाच रात्री पर्मेथ्रिन ५ टक्के. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली सुद्धा, म्हाताऱ्यांना डोक्याला आणि डोळे-तोंड सोडून चेहऱ्यालाही. ८ ते १४ तास ठेवून धुवायचं. मोठ्या माणसाला ३० ग्रॅमची ट्यूब. ७ दिवसांनी पुन्हा. गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर डॉक्टरला आधी सांगा. त्या रात्रीचे कपडे, चादरी कडक गरम पाण्यात, धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून किमान ७२ तास, आठवडाभर ठेवलं तर उत्तम. खाज त्यानंतरही दोन ते चार आठवडे राहते, म्हणून औषध लागलं नाही असं समजून पुन्हापुन्हा चोळू नका. ट्यूबचा खर्च संस्थेने करायचा, घरच्यांचाही. अर्ध्यांनी लावलं नाही तर महिन्याभरात पुन्हा पहिल्यासारखं.

चिकोडी_नाईट | रात्री ११:२०
शिबिराचा मूळ प्रश्न. आश्रमात कोणी आजी-आजोबा गेले की स्टाफमधल्या सगळ्यांना एकत्र बसवून 'बोला, रडा' करवणारी एकदाची बैठक ठेवू नका. त्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो. दुसऱ्या दिवशी हँडओव्हरला १० मिनिटं : काय झालं, कोण जवळ होतं, आज तिला हलकी ड्युटी हवी का. एवढंच. ज्याला बोलायचंय त्याच्यासाठी टेलिमानस, सरकारी मानसिक मदतीचा फोन, १४४१६, फुकट, २४ तास, भाषा निवडता येते. नंबर स्टाफच्या बाथरूमच्या दाराला आतून लावा, ऑफिसबाहेर लावला तर कोणी उतरवून घेत नाही. झोप-भूकच उडाली असेल तर बेळगावचं सरकारी हॉस्पिटल बिम्स नाहीतर धारवाडचं सरकारी मनोरुग्णालय डिमहान्स.
स्मृतिभ्रंशवाले आजोबा मारतात, त्यावरून खेकसाखेकसी होत असेल तर भाषा बघा. आजार वाढला की माणूस आईच्या भाषेवर येतो. नोवु (दुखणं), नीरु (पाणी), ऊटा (जेवण) एवढे तीन कन्नड शब्द मराठी मावशीला येत असले तरी अंघोळीची निम्मी झटापट कमी.

कडोलीकर | रात्री ११:३१
एक राहिलं. धाग्याची वेळ बघितली का कोणी? पहाटे २:५२. ताई, रात्रीचा फोन कोण उचलतं?

जांबोटी_रोड | रात्री ११:५७
मीच. दुसरं कोण? नातेवाईकांचाही मलाच. दुबईवरून रात्री १२ ला येतात. पण प्रश्न स्टाफचा आहे.

चिकोडी_नाईट | रात्री १२:०८
तुम्ही स्टाफमध्येच येता. फोन संस्थेचा घ्या, तुमच्या नंबरवर नको. तो आठवड्यातून तीन रात्री तुमच्याकडे, दोन-दोन रात्री दोन्ही सिस्टरांकडे, भत्ता देऊन. फोनच्या वर कागद चिकटवा. डोक्याला मार, श्वास लागणं, न थांबणारं रक्त, तोंड वाकडं होणं : आधी १०८, मग फोन. साखर ७० च्या खाली आणि शुद्धीवर : तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, तेव्हाही ७० च्या वर आली नाही तर पुन्हा साखर आणि फोन. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८. डायपर संपले, आजी झोपत नाही, दोघींचं भांडण : सकाळी ७ ला रजिस्टरात. नातेवाईकांच्या फोनला रोज दुपारी ४ ते ५ ही वेळ, परदेशातल्यांना रविवारी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं.

प्राणवायू | रात्री १२:१५
आणि झोपायच्या आधी भ्रामरी.

कडोलीकर | रात्री १२:१६
झोपू द्या आधी.

जांबोटी_रोड | दुसरा दिवस, दुपारी १२:४०
१६ आणि १८ चा कागद केलाय, ट्रस्टींना आज पाठवते. डॉक्टर उद्या येणार, ट्यूब स्टाफच्या घरच्यांसकट १०५ लागतील असं दिसतंय, दोन वेळेच्या धरून २१०. सिस्टर फोनला तयार आहे, दुसरी भत्ता किती ते विचारालेय. ते नायलॉनचं कापड बेळगावात कुठे मिळेल? खडेबाजारात विचारलं तर साडीचं दाखवलं.

फिजिओ_टिळकवाडी | दुपारी १:०५
साडीचं नको, ते फाटतं. बॅगा आणि रेनकोट शिवणाऱ्याकडे जा, अस्तराचं पातळ नायलॉन मागा. हातात घेऊन दोन थर एकमेकांवर चोळून बघा, आवाज करत सटकन सरकलं पाहिजे. आधी दोनच शिवून घ्या. शिवण बाहेरच्या बाजूला, आत आली तर पाठीला टोचते.