वर्गणीचं ॲप वेगळ्या सबडोमेनवरच ठेवूया

ग्रंथालयाची सूची, हॉलचं बुकिंग आणि सभासदांची वर्गणी अशी आपल्या बडोद्याच्या मंडळाची तिन्ही ॲप्स एकाच डोमेनखाली पाथ (पत्त्यात डोमेननंतर स्लॅश देऊन येणारा भाग) देऊन चालवावीत, म्हणजे https साठी लागणारं एक सर्टिफिकेट पुरेल, असं वर एका दादांनी सुचवलंय. सर्टिफिकेटची अडचण फार मोठी नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा प्रत्येक सबडोमेनला (डोमेनच्या आधी शब्द जोडून केलेला वेगळा पत्ता) ते फुकट देते.

मला काळजी आहे ती वर्गणीची. दांडिया बाजारातले ज्येष्ठ सभासदसुद्धा मोबाइलवरून पैसे भरणार आहेत. कोणती पानं एकमेकांचा डेटा वाचू शकतात याची हद्द म्हणजे ओरिजिन. ब्राउझर ते ठरवतो स्कीम (http की https), होस्ट (डोमेनचं पूर्ण नाव) आणि पोर्ट (सर्व्हरवरचा क्रमांक) यांवरून; पाथ त्यात धरतच नाही. त्यामुळे सूचीच्या एखाद्या जुन्या प्लगइनमधून कुणी स्क्रिप्ट घुसवली, तर ती वर्गणीच्या ॲपचं लोकल स्टोरेज (त्या ॲपने ब्राउझरमध्ये साठवलेला डेटा) वाचू शकते, लॉगिन असलेल्या सभासदाच्या नावाने विनंत्याही पाठवू शकते. कुकीला (लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली छोटी नोंद) पाथ लावून हे थांबत नाही. कुकींच्या २०११ च्या मानकात, आरएफसी ६२६५ मध्येच, सुरक्षेसाठी पाथवर विसंबू नका असं लिहिलंय. सबडोमेन घेतल्यावरही कुकीवर मूळ डोमेन लावू नका, नाहीतर ती सगळ्या सबडोमेनना जाते.

सूची आणि बुकिंग पाथवर खुशाल ठेवा. फक्त ॲपला बेस पाथ (ते कोणत्या पाथखाली चालतंय) सांगता येतो ना, ते आधी बघा. नाहीतर सीएसएस (पानाच्या मांडणीच्या फाइल्स) आणि चित्रं डोमेनच्या मुळाशी शोधली जातात आणि ४०४, म्हणजे 'सापडलं नाही' असा एरर येतो. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये प्रॉक्सी पासच्या (विनंती मागच्या ॲपकडे पाठवणारी सेटिंगची ओळ) शेवटी स्लॅश दिला की नाही, यावरही मागच्या ॲपला मिळणारा पाथ बदलतो.