नववीच्या वर्गात माध्यमकला शिकवायची, तर सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : कलाशिक्षक, सत्तरी

नमस्कार. मी सत्तरी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. नववीच्या मुलांना छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, ॲनिमेशन आणि लघुपट यांची ओळख करून द्यावी, असे शाळेने ठरवले असून ते काम माझ्याकडे आले आहे. आठवड्यातून एक जोडतास मिळेल. एक साधा डिजिटल कॅमेरा, त्याचा स्टँड आणि संगणक कक्षातील जुने संगणक एवढीच साधने आहेत. मुलांनी शाळेत मोबाइल आणायचा नाही, हा नियम आहे आणि तो मला योग्यही वाटतो.

अडचणी दोन आहेत. चाळीस मुलांत एकच कॅमेरा असला की चार मुले काम करतात आणि बाकीची बघत बसतात, हे स्नेहसंमेलनाच्या चित्रीकरणात मी पाहिले आहे. दुसरी अडचण गुणांची आहे. चित्राला गुण देताना रेषा, रंग आणि रचना यांचा आधार असतो, पण पाच जणांनी मिळून केलेल्या तीन मिनिटांच्या लघुपटात कोणाचे काम किती, हे कसे ओळखावे? शिवाय २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरत असल्यामुळे चित्रपट म्हटले की पालकांना पणजीतला झगमगाट आठवतो आणि आमच्या मुलांना याचा काय उपयोग, असे ते विचारतात. ज्यांनी प्रत्यक्ष शिकवले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : शिक्षिका, फोंडा

सर, पहिले काही आठवडे कॅमेरा कपाटातच राहू द्या. प्रत्येक मुलाला जाड पुठ्ठ्यात १६ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापायला सांगा. आजच्या बहुतेक पडद्यांचे प्रमाण हेच असते. एक डोळा मिटून ती खिडकी डोळ्याजवळ धरली की सगळे पटांगण तिच्यात मावते आणि हात लांब करत नेला की शेवटी शाळेची घंटा तेवढी उरते. लाँग शॉट आणि क्लोजअप यांतला फरक मुलांना व्याख्येपेक्षा या पुठ्ठ्याने लवकर कळतो. मग जे दिसले ते वहीत सहा चौकटींत काढायला लावा. हाच स्टोरीबोर्ड, आणि चित्रकलेचे शिक्षक म्हणून तो तुमच्या हातचा विषय आहे.

रिकाम्या बसणाऱ्या मुलांसाठी ॲनिमेशन फार सोयीचे आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात, परंतु एक चित्र दोन चौकटी ठेवले तर सेकंदाला १२ चित्रे पुरतात. तुमच्या चाळीस मुलांनी प्रत्येकी तीन चित्रे काढली तर १२० चित्रांतून दहा सेकंदांची हालचाल उभी राहते, आणि एकाने चित्र दिले नाही तर त्या जागी बसणारा धक्का सगळ्या वर्गाला दिसतो. दुसरा उपक्रम रोपाचा. दादासाहेब फाळके यांनी पहिला कथापट करण्यापूर्वी, १९१२ साली, वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली होती. तेच वर्गाच्या खिडकीत चवळीचा दाणा लावून करता येते. दिवसाला सहा तासिकांच्या घंटेबरोबर सहा छायाचित्रे घेतली तर शाळेच्या चोवीस दिवसांत १४४ होतात, म्हणजे प्रत्येक छायाचित्र एकच चौकट ठेवले तर पडद्यावर सहा सेकंद. प्रत्येक घंटेला वेगळ्या मुलाची पाळी ठेवावी. स्टँडच्या पायांभोवती खडूने खुणा करून ठेवाव्यात आणि कॅमेऱ्यात तशी सोय असेल तर प्रकाशाची मांडणी स्वयंचलित न ठेवता एकदाच ठरवून द्यावी, अन्यथा चित्र सतत लुकलुकते.

लघुपटासाठी विषय लांब शोधू नका. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी भरणारा माटोळीचा (गणपतीच्या वर लाकडी चौकटीला बांधायच्या रानफळांचा) बाजार तुमच्या भागातल्या मुलांइतका जवळून कोण पाहते? रानातून काय आणले, ते कोठे मिळते आणि आता काय मिळेनासे झाले आहे, असे तीन प्रश्न घेऊन मुले विक्रीला बसलेल्या बायांशी बोलतील, तेव्हा लघुपटाचा कणा आपोआप तयार होईल. घरी माटोळी बांधताना सुपारीचा घड केवणीच्या दोराने लाकडी चौकटीला बांधणारे हात कॅमेऱ्याने अगदी जवळून घ्यावेत: दोराचा पीळ, गाठ आवळताना पांढरी पडणारी बोटे, खाली लोंबणारा हिरवा घड. चेहरा न दाखवताही माणूस कसा दाखवता येतो, हे त्या एका शॉटमधून मुले शिकतील.

गुणांबद्दल माझे मत ठाम आहे. अर्धे गुण प्रत्येक मुलाच्या स्वतंत्र नोंदवहीला द्यावेत, आणि त्या वहीत आपण कोणता शॉट का ठेवला यापेक्षा कोणता का काढून टाकला, हे लिहिणे बंधनकारक करावे. ज्याने काम केलेले नाही, त्याला हे लिहिता येत नाही. गटातील जबाबदाऱ्या प्रत्येक उपक्रमात बदलाव्यात, नाहीतर कॅमेरा एकाच धीट मुलाकडे राहतो आणि मुली केवळ निवेदन वाचतात. हे मी अनेक वर्गांत पाहिले आहे आणि ते मला मुळीच मान्य नाही.

उत्तर : ध्वनिमुद्रक, पणजी

बाईंच्या उत्तराला माझी एक पुरवणी आहे. चित्राआधी आवाज शिकवावा, कारण शालेय लघुपट बहुतेक वेळा आवाजामुळे पडतात. अस्पष्ट चित्र प्रेक्षक सहन करतो, न कळणारे बोलणे तो सहन करत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडापासून मायक्रोफोन वीतभर अंतरावर असावा, पंखा बंद ठेवावा, आणि मुलाखत झाल्यावर त्याच जागेची शांतता अर्धा मिनिट वेगळी मुद्रित करावी. संकलनात दोन वाक्यांमधील फट बुजवायला तीच उपयोगी पडते. पावसाळ्यात कौलांवरचा किंवा पत्र्यावरचा आवाज संभाषण गिळून टाकतो, म्हणून त्या दिवसांत मुलाखतीऐवजी पावसाचेच आवाज मुलांकडून जमवून घ्यावेत.

पालकांना उपयोग सांगायचा असेल तर गोव्याच्याच इतिहासातले उदाहरण द्या. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात गोव्याच्या सीमेबाहेरच्या जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र चालवले आणि पोर्तुगीज सत्तेच्या सेन्सॉरशिपखाली असलेल्या लोकांपर्यंत बातम्या पोहोचवल्या. त्यांच्याजवळ होते ते शब्द आणि आवाज. मुलांनी याच प्रसंगावर पाच मिनिटांचे श्राव्य बातमीपत्र लिहून वाचले, तर इतिहासाचा तास आणि माध्यमकलेचा तास एकत्र येतील, आणि त्यासाठी कॅमेरा लागणारही नाही.

उत्तर : पालक व वकील, म्हापसा

माझी मुलगी नववीत आहे, म्हणून पालकाच्या बाजूने लिहिते. या विषयाकडून माझी सर्वांत मोठी अपेक्षा अशी आहे, की एकाच मुलाखतीतून परस्परविरोधी अर्थाचे दोन लघुपट मुलांनी स्वतः कापून पाहावेत. समजा, आजीने सांगितले, की पूर्वी रानात कंद भरपूर मिळत, आता फिरावे लागते, पण मला ते फिरणे आवडते. यातले शेवटचे वाक्य काढले की तक्रार उरते आणि मधले काढले की समाधान उरते. ही कात्री ज्याने एकदा स्वतःच्या हाताने चालवली, तो मोबाइलवर आलेली चित्रफीत पुढे पाठवण्यापूर्वी नक्की थांबेल. दहावीच्या गुणांची काळजी मलाही आहे, तरी यासाठी दिलेला जोडतास मी वाया गेलेला मानणार नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. लोकप्रिय गाणे शाळेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरते वाजवण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. तेच गाणे लघुपटाला जोडून इंटरनेटवर टाकणे त्या सवलतीत बसत नाही. म्हणून संगीत मुलांनीच वाजवावे. घुमट आणि शामेळ वाजवणारे कोणीतरी वर्गात असतेच. दुसरे म्हणजे, अठरा वर्षांखालील मुलांचे चेहरे ज्यात दिसतात असे काहीही बाहेर प्रसिद्ध करण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि ती वर्षाच्या सुरुवातीला एकदाच घाऊक न घेता त्या त्या लघुपटासाठी घ्यावी.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. पुठ्ठ्याची खिडकी आणि नोंदवही या दोन्ही गोष्टी मी पहिल्याच आठवड्यात सुरू करणार आहे. चवथीच्या बाजाराची आखणी मुलांबरोबर बसून करेन. आमच्या वर्गातील काही मुलांच्या आयाच तेथे विक्रीला बसतात, त्यामुळे प्रश्न विचारण्याची रीत आधी नीट शिकवावी लागेल. एक शंका राहिली. जुन्या संगणकांवर संकलन होईल का?

उत्तर : ध्वनिमुद्रक, पणजी

होईल, पण चित्रीकरण ७२० पिक्सेल उंचीवरच ठेवा, कारण त्याहून मोठ्या फायली जुन्या यंत्रांना पेलत नाहीत. चित्रासाठी शॉटकट आणि आवाजासाठी ऑडॅसिटी या दोन्ही प्रणाली विनामूल्य आहेत. एका संगणकावर तीनच मुले बसवावीत. संकलन सुरू करण्यापूर्वी शॉटची यादी कागदावर क्रमाने लिहून घ्यावी आणि मूळ चित्रीकरणाची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्याशिवाय कॅमेऱ्यातले कार्ड कोणालाही पुसू देऊ नये.