रत्नागिरीत ३४ ला निथळतो, सोलापुरात ४१ ला कोरडा: घामाचं गणित काय?

कातळसडा
रत्नागिरीत वैशाखातही पारा ३३-३४ च्या फारसा वर जात नाही, तरी आंब्याच्या पेट्या भरणाऱ्यांचे सदरे पिळून काढावेत इतके भिजतात. सोलापुरात ४१ ला माणूस कोरडा दिसतो. किनाऱ्यावर घामाच्या ग्रंथी जास्त काम करतात का? दुसरं, घामोळं आलं की नेमका तिथला घाम का थांबतो, आणि पावडर थापल्यावर ते वाढतं कसं? तिसरं, काही जणांचे तळहात बारमाही ओले असतात, पुठ्ठ्याच्या खोक्यावर डाग पडतात. त्यावर उपाय आहे का?

आगळ
ग्रंथी सोलापुरातही राबतात, पण तिथला घाम येतो आणि उडतो, म्हणून दिसत नाही. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेलगत वाफेचा दाब साधारण ४२ मिलिमीटर पारा असतो. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७५ टक्के दमटपणा धरा: हवेतल्या वाफेचा दाब २८, फरक १४. सोलापुरात ४१ अंश आणि २० टक्के: दाब १२, फरक ३०. घाम सुकतो तो या फरकावर. वारा सारखाच असेल तर तिथं दुप्पट वेगानं.

एक लिटर घाम अंगावरच सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हनुवटीवरून टपकला तर गारवा जवळपास शून्य, पाणी आणि मीठ मात्र गेलं. पॅकिंगच्या शेडमध्ये म्हणूनच आणखी एका माठापेक्षा आधी पंखा लावा, आणि तो छताकडे नको, माणसांच्या पाठीवर.

आता मिठाचं. अंगभर २० ते ४० लाख ग्रंथी, प्रत्येक म्हणजे कातडीच्या आतल्या थरात गुंडाळलेली एक नळी. तळाशी तयार होणारा घाम रक्तद्रवाइतकाच खारट असतो. वर येताना नळी त्यातलं बरंचसं मीठ परत ओढून घेते. घाम भराभर वाहिला की तिला तेवढा वेळ मिळत नाही. उन्हातल्या कामाची सवय झाली की ७ ते १४ दिवसांत घाम लवकर सुटतो आणि कमी खारट होतो. बागेत राखणीला नव्यानं आलेल्या गड्याला पहिल्या दिवशी पंचमांशच काम द्यावं, मग रोज तेवढंच वाढवावं. मुकादमांना हे पटत नाही, पण उन्हाचा तडाखा बहुतेक याच पहिल्या दिवसांत बसतो.

काही बाळांत ही ओढून घेण्याची यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असते. कपाळाचा पापा घेतला तर खारट लागतो. सोबत वारंवार खोकला आणि वजन न वाढणं असेल तर घामातलं क्लोराइड तपासतात. लिटरमागे ६० मिलिमोलच्या वर गेलं की सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराचा दाट संशय.

रापण
घामोळ्याचं सांगतो. कातडी तासन्‌तास ओली राहिली की वरचा मृत थर फुगतो आणि नळीचं तोंड मिटतं. खाली घाम तयार होतच असतो. तो नळी फोडून शेजारच्या थरात झिरपतो, तीच ती टोचरी खाज. अगदी वरच तुंबला तर दवबिंदूंसारखे पारदर्शक फोड येतात, त्यांना खाज नसते. जरा खाली तुंबला तर लाल पुरळ. फुगलेला थर झडून तोंड मोकळं होईपर्यंत तिथं घाम येत नाही, त्याला एक ते तीन आठवडे लागू शकतात. पाठभर घामोळं असलेल्याचं अंग म्हणूनच लवकर तापतं.

पावडर घामात कालवली की तिचा लगदा होतो आणि उघडी तोंडंही बुजतात. बाळाला चोपडलेलं खोबरेल उन्हाळ्यात तेच करतं (आजीशी वाद घालायचा की नाही, तुम्ही ठरवा). गार पाण्यानं अंघोळ, अंग टिपून कोरडं करणं, सैल सुती कपडे, खाजेला कॅलामाइन. पू दिसला किंवा ताप आला तर डॉक्टर.

ओले तळहात हा वेगळा विषय. त्या ग्रंथींना उष्णतेपेक्षा मनावरचा ताण जास्त चालवतो, म्हणून एसीतही घाम येतो आणि झोपेत थांबतो. सुरुवात बहुधा लहानपणी किंवा वयात येताना. पहिला उपाय २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइड: रात्री पूर्ण कोरड्या हातावर, सकाळी धुवायचं. फरक दिसेपर्यंत रोज, मग आठवड्याला एक-दोनदा. ओल्या हाताला लावलं तर पाण्याशी आम्ल तयार होऊन आग होते. ‘औषध सोसत नाही’ म्हणणारे बरेच जण इथंच चुकतात. पुढची पायरी म्हणजे पाण्यात बुडवलेल्या हातांतून यंत्रानं सौम्य वीज, १५-२० मिलिअँपिअर, २० मिनिटं, आठवड्याला तीनदा. त्यानंतर बोटॉक्स.

कातळसडा
आभार. ते विजेचं यंत्र घरी बनवायचे व्हिडिओ आहेत.

रापण
चार्जर आणि ताटल्यांचे? नको. कातडी भाजते. पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर तयार यंत्रही नाही.

पेजवाला
थोडी भर. घाम सोडायला सांगणाऱ्या नसा ॲसिटिलकोलिन हे रसायन वापरतात, बीटा-ब्लॉकर गोळ्या अडवतात ते ॲड्रेनॅलिनला. म्हणून मधुमेह्यानं रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेतलं असेल, तर साखर उतरल्यावर धडधड आणि थरथर दबते, गार घाम मात्र येतोच. तीच खूण धरा: तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. छातीत दाबल्यासारखं होऊन गार घाम आला तर थेट दवाखाना. रात्री अंथरूण भिजतं, वजन उतरतंय, खोकला दोन आठवड्यांच्या वर, तर क्षयासाठी थुंकी तपासा.

उन्हात काम करणारा बरळू लागला आणि अंग भट्टीसारखं तापलं, तर घाम येतोय की नाही हे बघत बसू नका. उन्हाच्या तडाख्यात घाम चालूही असू शकतो. अंगावर पाणी ओता, पंखा लावा, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका.

एरवी मीठ घातलेली भाताची पेज किंवा कोकम सरबत चालतं, रक्तदाबवाल्यांनी मीठ बेतानं. आणि कामगारांच्या पाठी बघताच आहात तर एवढं बघा: सगळी पाठ निथळतेय आणि एकच फिकट चट्टा कोरडा आहे. तिथं कापसाचा स्पर्श कळत नसेल तर ते घामोळं नव्हे. कुष्ठरोगात कातडीतल्या नसा मरतात, म्हणून तिथला घाम थांबतो. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं.