प्रतिसाद: फ्रान्समध्ये लाल दिवा, इंग्लंडात नाही

बोटीच्या पॅनलवरचा, विजेच्या तारा उलट जोडल्याचं दाखवणारा दिवा इंग्लंडात बंद आणि इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या जेटीवर किनाऱ्यावरच्या विजेची केबल जोडली की लाल, असं तुम्ही लिहिलंय. मग बोटीचं वायरिंग बहुधा ठीक आहे, जेटीवरच्या वीजखांबावर फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे आहेत. युरोपात हे बऱ्याच ठिकाणी दिसतं.

चार्जर चालतोय म्हणून दुर्लक्ष करू नका. बोटीवरचे ब्रेकर फक्त फेज तोडणारे असतील, तर बंद केल्यावरही उपकरणात 230 व्होल्ट राहतात. दोन्ही तारा तोडणारे असतील तर धोका बराच कमी.

मल्टिमीटरने (येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून) सॉकेटवर मोजा. फेज ते अर्थ 230च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ जवळपास शून्य हवं. आकडे अदलाबदल झाले तर उलटी जोडणी नक्की. दोन्हीकडे अर्धवट व्होल्टेज आणि दिवा मिणमिणता, तर अर्थिंग तुटल्याचा संशय घ्या. ते जास्त वाईट, केबल लगेच काढा.

उलट्या जोडणीसाठी फेज-न्यूट्रल अदलाबदल केलेली आखूड जोडकेबल ठेवतात. तिला ठळक लाल टेप लावा, नाहीतर इंग्लंडात परतल्यावर तीच वापरली जाईल. दिवा विझवायला अर्थची तार काढा, हा वर कुणीतरी दिलेला सल्ला मात्र अजिबात ऐकू नका.