मदत हवी आहे : समुद्री प्राण्यांतला धातू ज्वालामुखीतून आला की बंदरातून, हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मी परभणीत एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. समुद्र एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत. मागच्या वर्षी येलदरी धरणातल्या रोहू-कटल्याच्या कल्ल्यांमधलं जस्त आणि तांबं मोजलं होतं, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जाईना. म्हणून सेमिनारला समुद्रतळाचे ज्वालामुखी घेतलेत. (आपल्या पायाखालचा काळा दगडही लाव्हाचाच, पण तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा.)

अटलांटिक महासागरातल्या स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एल इयेरोच्या दक्षिणेला ऑक्टोबर २०११ ते मार्च २०१२ समुद्राखाली उद्रेक चालू होता. त्या ज्वालामुखीला पुढे टागोरो नाव मिळालं. पाणी आम्लधर्मी झालं, प्राणवायू घटला, मासे मरून तरंगले. अशा पाण्यात लोह, तांबं, जस्त, कॅडमियम मिसळतात, इथपर्यंत समजलं.

अडलंय ते पुढे. मासा तर पोहत जातो. त्याच्या यकृतातलं कॅडमियम उद्रेकाचं की जवळच्या बंदराचं? उद्रेकाआधीचे नमुने नसतील तर तुलना कशाशी करायची? आणि आकडा मोठा म्हणजे प्राण्याला विषबाधा झालीच, असं धरायचं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

पोहणारा मासा सोडा, खडकाला चिकटून राहणारे प्राणी बघा : लिंपेट (टोपीसारख्या कवचाची समुद्री गोगलगाय), शिंपले. उद्रेकाजवळचा किनारा आणि त्याच बेटाचा लांबचा किनारा, दोन्हीकडची एकच जात. आकारही जुळलाच पाहिजे, कारण मोठा शिंपला जास्त वर्षं धातू साठवत आलेला असतो. यकृत आणि मांसाचे आकडे एकत्र करू नका : कॅडमियम यकृतात साठतं, मिथाइल पारा मांसात. शिशाचं मूळ शोधायला समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर कामी येतं, कारण ज्वालामुखीचं आणि पूर्वी पेट्रोलमध्ये मिसळलं जायचं ते शिसं त्यात वेगळं दिसतं.

विषबाधेचं म्हणाल तर मोठा आकडा पुरेसा नाही. मेटॅलोथायोनिन नावाची गंधकयुक्त प्रथिनं धातूला बांधून ठेवतात. खोल समुद्रातल्या गरम झऱ्यांजवळचे शिंपले अंगात भरपूर धातू असूनही जगतात. त्या प्रथिनांचं मोजमाप सोबत असेल, तोच अभ्यास जास्त विश्वासाचा.

धागाकर्ता

मनापासून आभार, सर! येलदरीच्या कामात मी लहानमोठे मासे एकत्रच घेतले होते, तिथेच चुकलो. आता एकच विचारतो : सेमिनारसाठी इतरांच्या अभ्यासांचा तक्ता करतोय; ज्या अभ्यासात प्राण्यांची लांबी दिलेलीच नाही, तो त्यात घेऊ की वगळू?

प्रतिसाद २

वगळू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा आणि लांबी दिलेली नाही हे तिथेच लिहा. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.